चंद्राक्कानं मोडलेलं लग्न

एसटीतून निवृत्त झाल्यापासून भेटेल तो मला विचारतो, "शैलाताई, इतकी वर्षं घंटी मारून कंटाळा नाही आला?" घंटीचा काय कंटाळा यायचाय! दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. कंडक्टरचं खरं काम असतं ते या दोन घंट्यांच्या मधलं. दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना आत घ्यायचं, मधल्या वाटेत भाताचं पोतं टाकून "हितं तर उतरायचंय" म्हणणाऱ्याला ते बाजूला करायला लावायचं, शेळी घेऊन चढू बघणाऱ्या आजोबांपुढे हात जोडायचे, आणि हे सगळं करताना डुलत्या गाडीत तोल सांभाळून सुटे पैसे द्यायचे. सुरुवातीला बाईच्या हातून तिकीट घ्यायला लाजणारे पुरुषही होते. एक म्हातारबाबा मला बघून म्हणाले, "कंडक्टर कुठं गेला?" मी म्हटलं, "बाबा, तो मीच." भोर येईपर्यंत ते माझ्याकडे संशयानं बघत होते.

मी भोर आगाराची. माझी बरीचशी नोकरी भोर–गुंजवणे फेरीवर गेली. भोरहून कापूरहोळ, हायवेनं चेलाडी फाटा, तिथून आत नसरापूर, विंझर, मार्गासनी, साखर आणि राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण आमच्या तोंडात वेल्हंच बसलंय. अशा गाडीत कंडक्टर नुसता तिकीट देणारा राहत नाही. आया आपल्या पोरी माझ्या स्वाधीन करायच्या, "हिला कॉलेजाजवळ उतरव गं, नवीन हाय." कुणाचा डबा, कुणाचं औषध, कुणाच्या लग्नाची पत्रिका, सगळं माझ्या सीटखाली. चढणारा माणूस कुणाचा कोण आणि कशाला निघालाय, हे न विचारताच कळत जातं.

मध्यंतरी आगारात एका संस्थेच्या बायका आणि एक महिला फौजदार येऊन गेल्या होत्या. मुलींना कामाचं, लग्नाचं आमिष दाखवून कसं पळवून नेतात आणि विकतात, ते त्यांनी आम्हाला समजावलं. म्हणाल्या, "अशी पोर तुमच्याच गाडीतून जाते. तिला काही विचारलं तर उत्तर दुसरंच कोणी देतं. तिच्याजवळ फोन नसतो. आपण कुठं चाललोय हे तिला सांगता येत नाही. एवढं दिसलं तरी पोलिसांना कळवा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या दिवसापासून बाहेर जाणाऱ्या पोरींवर डोळा ठेवायला लागले. पुण्याकडे निघालेली एकटी मुलगी दिसली की चौकशी करायची. पण बाहेरची पोर आमच्याच खोऱ्यात आणली जाईल, हे काही माझ्या मनात आलं नव्हतं.

ती आली दुपारच्या गाडीला. चेलाडी फाट्यावर गाडी थांबली आणि आधी चढली चंद्राक्का. तिला मी फार वर्षांपासून ओळखत होते. गुंजवण्याच्या अलीकडच्या एका वाडीवरची ही विधवा बाई. धरणाखाली थोडी भातशेती, सोमनाथ नावाचा एकुलता एक मुलगा. दर मंगळवारी तांदूळ घेऊन भोरच्या बाजाराला यायची आणि परत जाताना मला हमखास मूठभर शेंगा द्यायची. त्या दिवशी तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, बाईला लॉटरीच लागली.

"शैला, सून आणली गं!" ती माझ्या कानाशी म्हणाली.

तिच्या मागून एक बाई चढली. पन्नाशीची, अंगावर भारी साडी, हातात पर्स, बोलणं गोड. तिनं एका मुलीचा दंड धरला होता. मुलीच्या डोक्यावरून पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, मनगटांत नवा कोरा हिरवा चुडा. सगळ्यांत शेवटी सोमनाथ चढला. पस्तिशी उलटलेला, साधा, अबोल माणूस. तो कुणाकडं न बघता मागच्या सीटवर जाऊन बसला.

सोमनाथचं लग्न जमत नाही, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. तो एकटाच नव्हता. आमच्याकडच्या मुली शिकल्या, पुण्याला नोकरीला लागल्या, आणि चिखलात भात लावायला परत यायची कुणाची तयारी राहिली नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. पण गावागावांत बिनलग्नाचे राहिलेले सोमनाथ दिसायला लागले, आणि त्यांच्या मागोमाग लांबच्या मुलखातून स्थळं आणणाऱ्या बायकाही दिसायला लागल्या. भारी साडीवाली ही त्यांतलीच एक.

तिकीट काढताना मी मुलीला म्हटलं, "काय गं बाळ, नाव काय तुझं?"

उत्तर त्या बाईनं दिलं. "मराठी येत न्हाई तिला. ओडिशाची हाय. गरीब घरची, गुणी पोर."

मुलीनं मान वर केली. चेहरा इतका कोवळा की पदराखाली शाळेतली पोरच लपलीय असं वाटावं. तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि काहीतरी विचारलं. मला एकच शब्द कळला, "मेसिन." मी तिकिटाचं मशीन तिच्यापुढं धरलं. तिनं जोरात मान हलवली. हे नाही. परत म्हणाली, "मेसिन?" आणि खिडकीबाहेर हात केला. बाईनं तिचा हात खाली ओढला आणि हसून मला म्हणाली, "घाबरलीय. पैल्यांदा डोंगर बघती ना."

मला काही ते हसणं रुचलं नाही. पण समोर चंद्राक्का बसली होती, अशा आनंदात की तिला हटकायचं कसं तेच सुचेना. गाडी मार्गासनीला थांबली तेव्हा सुनंदा चढली आणि मला हायसं वाटलं. सुनंदा म्हणजे चंद्राक्काच्या वाडीची आशाताई. गरोदर बायकांची, तान्ह्या लेकरांची काळजी घेणारी आरोग्यखात्याची कार्यकर्ती. वाडीवरच्या बौद्ध वस्तीत राहायची. बोलायला शांत, पण हाती घेतलेलं काम न सोडणारी. मी तिला दाराजवळ बोलावून सगळं सांगितलं.

तिनं एकदा मागं वळून मुलीकडं पाहिलं. "ताई, ही अठराची न्हाई," ती म्हणाली. "लगीन कदी हाय?"

"उद्या दुपारी, देवळात. चंद्राक्काच सांगत होती."

"मग उद्या सकाळी तुमी गाडी वळवता तितं आनती तिला. तिची भाषा येनारं कुनी तरी बघा. नवी सून आली की माजं काम आलंच."

घरी आले, पण "मेसिन" काही डोक्यातून जाईना. आमचं घर सारोळ्याला. तिथं हायवेवर माझ्या दिराचं हॉटेल आहे आणि हॉटेलातला आचारी ओडिशाचा. रबी त्याचं नाव. बरीच वर्षं इथं राहून तो मराठी शिकला होता, फक्त पुरुष-बाई एक करून बोलायचा. मी त्याला म्हटलं, "रबी, उद्या सकाळी फोन जवळ ठेव. कढई कुणाकडं तरी दे. एका पोरीशी बोलायचंय तुझ्या भाषेत." तो म्हणाला, "ताई, आपला गावाकडचा असेल तर कढई जळला तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला गाडी गुंजवण्याला पोचली. वाडीत मोबाईलला रेंज नसते. रेंज येते ती आमची गाडी वळवायच्या मैदानात. म्हणून सुनंदानं युक्ती केली होती. नव्या सुनेचं वजन-उंची घ्यायची, रक्त तपासायला पाठवायचं, असं सांगून ती मुलीला तिथं घेऊन आली. स्थळवाली बाई नको नको म्हणत होती. चंद्राक्का तिला म्हणाली, "तुमी च्या घ्या निवांत. म्या जाती संगं." त्यामुळं चंद्राक्काही आली होती. सोमनाथ घरी मांडवाला पानं बांधत होता.

गाडी रिकामी झाली होती. ड्रायव्हर आप्पा खाली उतरून दाराशी उभे राहिले, कुणी चढू नये म्हणून. आत आम्ही चौघी. मी रबीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन मुलीच्या हातात दिला.

रबीनं तिकडून दोन शब्द उच्चारले मात्र, मुलीनं फोन दोन्ही हातांनी धरला. मग जी बोलायला लागली ती थांबेचना. मधे रडायची, मधे पदरानं नाक पुसायची, परत बोलायची. आम्हा तिघींना एक अक्षर कळत नव्हतं, पण कुणी तिच्या तोंडावरची नजर काढली नाही.

शेवटी ती थांबली. मी म्हटलं, "अरे, बोल ना."

"ताई, तिचा नाव मिनती हाय," रबी म्हणाला. "तो सोळा वर्षाचा. नववीत होता. ती बाई बोलली, पुण्यात कपडे शिवायचा कारखाना हाय, मशीनवर काम देतो. तिचा आई तेच समजते. काल गाडीतनं ती तुम्हाला तेच विचारत होती, शिलाईचा मशीन कुठं हाय. तो विचारतो, हे म्हातारी कारखान्याचा मालकीण हाय का? काम कधी सुरू होणार?"

चंद्राक्का सीटच्या दांड्याला धरून उभी होती. ती खाली बसली. मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर ओरडेल. ती म्हणाली, "त्याला म्हन, तिला इचार, आज लगीन हाय हे तिला ठावं हाय का?"

रबीनं विचारलं. मिनतीनं आमच्या तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तिची नजर स्वतःच्या हातांवर गेली. तो हिरवा चुडा पाहुणचार म्हणून घातलाय, असंच तिला वाटलं होतं. ती बांगड्या ओरबाडायला लागली. एक फुटली आणि मनगटावर रक्त आलं.

"थांब, बाय, थांब," चंद्राक्का पुढं सरकली. "हात कापंल." तिनं मिनतीचा हात आपल्या मांडीवर घेतला, बोटं जुळवून धरली आणि एकेक बांगडी हळूच उतरवायला लागली. आदल्या दिवशी फाट्यावरच्या कासाराकडं तिनंच हौसेनं हा चुडा भरवला होता. लेकाच्या लग्नासाठी किती वर्षं तिनं देवळाचे उंबरे झिजवले, ते मला माहीत होतं. शेवटची बांगडी निघाली तेव्हा तिनं सगळ्या आपल्या ओच्यात घेतल्या आणि रक्त पदरानं पुसलं.

"आई हाय का हिला?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"मग ती वाट बघत आसंल." एवढंच बोलून चंद्राक्का उठली. "शैला, हिला तुज्या गाडीत ने. पोलिसाला सांग. आन त्या बाईचं म्या बघती."

सुनंदानं तिचा हात धरला. "आक्का, नीट इचार करा. पोलीस आलं की तुमाला बी इचारत्याल. तुमी पैसं ठरवलं व्हतं. सोमनाथला बी बसवत्याल पोलीस ठाण्यात."

"बसवू दे. काय इचारायचं ते इचारू दे. सांगंन म्या."

हे वाक्य ती इतक्या साधेपणानं बोलली की ते किती मोठं आहे हे मला घरी आल्यावर उमगलं. गाडीत तिला एकच काळजी होती. बाईला शंका आली तर ती आडवाटेनं निसटेल आणि उद्या दुसऱ्या कुठल्या वाडीवर दुसरी मिनती उभी करेल.

आप्पांनी वेल्ह्याच्या पोलिसांना फोन केला. ठरलं असं, की मिनती आणि सुनंदा माझ्याबरोबर मार्गासनीपर्यंत येतील, तिथं पोलिसांची गाडी भेटेल आणि दुसरी गाडी थेट वाडीवर जाईल. मी दोरी दोनदा ओढली. मागच्या काचेतून दिसत होतं, चंद्राक्का भराभरा पावलं टाकत वाडीकडं निघाली होती, ओचा दोन्ही हातांनी सांभाळत.

पुढचं मी पाहिलं नाही. वाडीतल्या बायकांनी नंतर इतक्यांदा सांगितलं, की मीच तिथं होते असं वाटतं. चंद्राक्का घरी जाऊन हसतमुखानं म्हणाली, "पोरीला रगात काडाया नेलंय, येतीच. तवर जेवून घ्या." मग तिनं बचत गटाच्या बायकांना निरोप धाडला, "सून बघाया या." बायका आल्या. चंद्राक्कानं एकेकीला परड्यात नेऊन दोन वाक्यांत सांगितलं आणि पडवीत बसवलं. बघता बघता उंबऱ्यापासून अंगणापर्यंत बायकाच बायका. कुणी गाणं म्हणतेय, कुणी तांदूळ निवडतेय, कुणी त्या बाईच्या साडीचा पोत बघतेय. स्थळवाली दोनदा उठली. पहिल्यांदा एकीनं "आवं, पान तरी खावा" म्हणून बसवलं. दुसऱ्यांदा तिनं पर्स उचलली, तर दारातल्या जाडजूड हौसाबाई म्हणाल्या, "माजा गुडगा आखडलाय बया, उठवत न्हाई. वाईच थांबा." गुडघा आखडला तो पोलीस येईपर्यंत मोकळा झाला नाही.

पोलिसांना बघताच त्या बाईचा गोडवा संपला. चंद्राक्काकडं बोट करून ओरडली, "हिनंच मागितली व्हती सून! हिच्या पोराला आत टाका आदी!"

चंद्राक्का तिच्यासमोर उभी राहिली. "व्हय, म्या मागितली. सून मागितली. दुसऱ्याचं चोरलेलं लेकरू न्हवतं मागितलं."

सोमनाथला हे सगळं तेव्हाच कळलं. हातात आंब्याची पानं तशीच होती. तो आईवर चिडला. "मला आदी सांगायचं व्हतंस. सगळ्या गावापुढं तमाशा केला माजा." आणि शेताकडं निघून गेला. पण दुपार कलताना तो स्वतःहून वेल्ह्याला गेला आणि जबाब दिला. बाईशी कुणी गाठ घालून दिली, तिच्या बरोबर फाट्यापर्यंत कोण माणूस आला होता, सगळं सांगितलं. त्याच्या सांगण्यावरून तो दुसरा माणूसही सापडला. पोलिसांनी मायलेकरांना बरंच बसवून ठेवलं, उलटसुलट विचारलं. त्यांनीच मुलीला सोडवलं होतं आणि काही लपवलं नव्हतं, म्हणून शेवटी दोघं साक्षीदार झाली.

मिनतीला पुण्याला बालकल्याण समितीपुढं नेलं. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात ती काही आठवडे राहिली आणि मग तिकडच्या पोलिसांबरोबर आईकडं गेली. जायच्या आधी चंद्राक्का तिला भेटून आली. जाताना माझ्याच गाडीत होती, मांडीवर तांदळाची पिशवी. मी म्हटलं, "आक्का, ओडिशात तांदूळच पिकतो." ती म्हणाली, "पिकू दे. माज्या घरातनं रिकाम्या हातानं जायाची का ती?"

एवढ्यावर हे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. वाहवा थोडे दिवस झाली. नंतर लोक चंद्राक्काला बोलायला लागले. "दारात आलेली लक्ष्मी घालवली." "आता त्या पोराला कोन देणार पोरगी?" ज्यांच्या घरात अशाच बाईकडून आणलेल्या सुना होत्या, ती माणसं तर तिला बघून वाट बदलायची. बाजाराच्या दिवशी गाडीत तिच्या शेजारची सीट रिकामी राहू लागली. मी तिकिटं फाडून झाली की मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसायची. ती कधी कुरकुरली नाही. शेंगा मात्र द्यायची.

मग एके दिवशी मधल्या एका थांब्यावर कडेवर मुलगी घेतलेली एक तरुण बाई चढली. गाडी पुढं गेल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, ती ओडिशाची पोरगी घरी पोचली का?"

तिचं मराठी आमच्याचसारखं होतं. फक्त "ओडिशा" म्हणताना जीभ वेगळी वळली.

"पोचली," मी म्हटलं. "तू कुठली गं?"

तिचे डोळे भरले. नाव सबिता. सासरी तिला लक्ष्मी म्हणायचे. त्याच स्थळवाल्या बाईनं तिला दवाखान्यात नोकरी देते म्हणून आणलं होतं, तेव्हा ती एकोणीसची होती. नवरा मारझोड करणारा नव्हता, पण तिला फोन देत नव्हते, एकटीला कुठं जाऊ देत नव्हते. त्या दिवशी लेकीच्या लसीचं निमित्त काढून ती प्रथमच एकटी निघाली होती. भावाचा फोन नंबर तिनं रोज मनातल्या मनात म्हणून पाठ ठेवला होता.

भोरच्या स्टँडवर गाडी मोकळी झाल्यावर मी तिला माझा मोबाईल दिला. पलीकडून आधी एक पुरुष बोलला, मग थोडी गडबड, मग म्हाताऱ्या बाईचा आवाज. सबिता "बोउ" म्हणाली. त्यांच्याकडं आईला असं म्हणतात, हे मला रबीनं नंतर सांगितलं. लेक आईच्या कडेवरून फोनकडं बघत होती. मी खाली उतरून उभी राहिले.

ही गोष्ट चंद्राक्काला कळली आणि तिनं मला विचारलंही नाही. सुनंदाला आणि गटातल्या बायकांना घेऊन ती सबिताच्या सासरी गेली. सासू दारातच कडाडली, "आमची सून फितवाया आलाय का?"

"न्हाई," चंद्राक्का म्हणाली. "एक इचाराया आलोय. तुज्या सुनंचं नाव काय?"

"लक्ष्मी."

"तिच्या आईनं ठेवलेलं इचारती."

सासूला सांगता आलं नाही. सुनंदा मला नंतर म्हणाली, "ताई, त्या बाईच्या तोंडावरनं कळलं की तिला पयल्यांदाच लाज वाटली."

पुढं संस्थेच्या बायका आल्या. त्यांनी सबिताला एकटीला बसवून विचारलं, तुला काय हवंय. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. लेकीला घेऊन ती पुण्याच्या आधारगृहात राहायला गेली आणि तिथं आजारी माणसाची शुश्रूषा करायचं शिक्षण घेतलं. नवरा अधूनमधून भेटायला जायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून यायचा. एकदा तो गाडीत मला म्हणाला, "म्या तिला काय तरास दिला न्हाई ओ." मी म्हटलं, "दाराला कडी लावणं हा त्रासच असतो." पुढच्या खेपेला म्हणे त्यानं तिच्यासाठी मोबाईल नेला होता.

खटला पुण्याच्या कोर्टात उभा राहिला. दर तारखेला चंद्राक्का आणि सोमनाथ माझ्या गाडीनं फाट्यापर्यंत यायचे. तिची साक्ष होती त्या दिवशी मी रजा काढून गेले. त्या बाईचा वकील हुशार होता. त्यानं चंद्राक्काला नेमकं तेच विचारलं, ज्याची मला भीती होती. "आजी, तुम्ही स्वतः पैसे देऊन मुलगी घ्यायला तयार होता, खरं की नाही?"

"खरं."

"मग आज ह्यांच्यावर कसे आरोप करता?"

चंद्राक्का पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभी होती. ती म्हणाली, "सायेब, म्या तयार व्हते, म्हून तर मला ठावं हाय ही बाई कशी बोलती ते. पोरीला येक सांगती, मला येक सांगती. मदी आमी दोगी बी फसतो. फकस्त मला घर हाय, त्या पोरीला हितं कोन व्हतं?"

वकिलानं कागद चाळले आणि तो खाली बसला.

मिनतीची साक्ष तिच्या गावाकडच्या कोर्टातून पडद्यावर झाली. ती उंच झाली होती. दहावी पास झाल्याचं तिनं न विचारताच सांगितलं. साक्ष संपल्यावर चंद्राक्कानं पडद्याकडं बघून हात हलवला. पलीकडून मिनतीनं हात हलवला. कोर्टात असं चालत नाही, पण त्यांना कुणी अडवलं नाही. सबितानंही साक्ष दिली, स्वतःच्या नावानं, मराठीत. त्या बाईला आणि तिच्या साथीदाराला शिक्षा झाली.

सोमनाथचं लग्न अजून झालेलं नाही, हेही सांगायला हवं. मायलेकरं दोघंच भात लावतात. रबीला मधे घेऊन मिनतीशी फोनवर बोलायचं ठरलं की तो मैदानापर्यंत आईला घेऊन जातो आणि लांब उभा राहतो. मला त्याचं वाईट वाटतं. पण आमच्या खोऱ्यात आता कुणी लांबची सून आणायची म्हटली की बायका आधी विचारतात, "तिच्या आईशी बोलणं झालं का?" सुनंदा जन्मदाखला बघते. रबीच्या तर फोन घेता घेता कढया करपायला लागल्यात, दीर कुरकुरतो.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी सबिता माझ्या गाडीत चढली. ती आता भोरच्या एका दवाखान्यात आयाचं काम करते, आणि स्वतःच्या अटींवर सासरी परत आलीय. रेशनकार्डावर सबिता हे नाव, हातात स्वतःचा फोन, कामावर जायची मोकळीक. त्या आधी ती लेकीला घेऊन ओडिशाला माहेरी गेली होती. ती काही परत येत नाही, असंच सगळे म्हणत होते. मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्यात काही गैर वाटलं नसतं.

चेलाडी फाट्यावर ती चढली तेव्हा तिच्याबरोबर एक बारीक, सावळी म्हातारी होती. सबितानं तिला आमच्याकडं आणलं होतं, आपण राहतो कुठं ते दाखवायला. योगायोगानं मंगळवार होता आणि चंद्राक्का गाडीतच होती. तिनं लगेच सरकून जागा केली. दोघी म्हाताऱ्या शेजारी बसल्या. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. चंद्राक्कानं पिशवीतून शेंगा काढून त्या बाईच्या ओंजळीत घातल्या. मग खिडकीतून बोट दाखवत सांगायला लागली, ह्यो राजगड, ह्ये धरान, त्या तिकडं माजं खाचर. ती बाई प्रत्येक वेळी मान हलवत होती आणि आपल्या भाषेत काहीतरी सांगत होती. साखर येईपर्यंत दोघींचे हात एकमेकींच्या हातात होते.

मी सबिताला तिकीट देताना विचारलं. इतके दिवस विचारायचं धाडस झालं नव्हतं. "तू परत का आलीस गं?"

तिनं आईकडं आणि चंद्राक्काकडं पाहिलं.

"पोरगी हितली हाय, काम हितं हाय," ती म्हणाली. "आन ताई, आता मला जाता येतं. जाता येतं, म्हून राहते."